चाळिशीतले एम. ए. आणि आमचा अण्णा

बी. कॉम. झालेल्या माणसाने राज्यशास्त्रात एम. ए. कशाला करावे? गेल्या दोन-अडीच वर्षांत हा प्रश्न मला ऑफिसात, वस्तीत, विहारात आणि खुद्द घरात इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी मी उत्तर देणेच सोडले होते. आज ते सविस्तर देतो. विचारणाऱ्यांत आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही होते. 'आता या वयात प्राध्यापक होणार काय?' असे म्हणून हसणाऱ्यांपैकी काहींच्या घरी पदवीधर मुले-मुली रिकामी बसून आहेत. त्यांनी हा लेख मुलांना वाचायला द्यावा, एवढी विनंती.

मी वाडीबंदरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून आहे. बिल्ट्या फाडणे, भाड्याची बिले काढणे, थकलेल्या वसुलीसाठी फोन करणे, हे माझे काम. एम. ए. झाल्याने पगारात एक रुपयाचीही भर पडणार नाही, हे शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. बरे झाले, आशाच उरली नाही. संध्याकाळी गोवंडीला उतरले की विहारातला मुलांचा अभ्यासवर्ग, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे रेशनकार्ड, १४ एप्रिलची वर्गणी. वीस वर्षे हाच क्रम चालू आहे.

एम. ए.चे कारण त्या अभ्यासवर्गातच निघाले. २४ सप्टेंबरचा कार्यक्रम होता. पुणे कराराचा धिक्कार आपण दरवर्षी करतो, तसा तो झाला. भाषणे संपल्यावर दहावीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, करारात नेमकं काय ठरलं होतं?" प्रश्न साधा होता. व्यासपीठावर आम्ही पाच जण होतो आणि उत्तरेही पाच निघाली. कुणी म्हणाले स्वतंत्र मतदारसंघ गेले, कुणी म्हणाले जागा वाढल्या, कुणी गांधीजींच्या उपोषणावरच बोलत राहिले. मुलगा वहीत काहीच न लिहिता खाली बसला. त्या रात्री मी ठरवले की हा विषय आता मुळापासून शिकायचा, आणि परीक्षा देऊन शिकायचा. परीक्षा डोक्यावर नसली की वाचन लांबणीवर पडते, हा बी. कॉम.च्या वेळचा अनुभव होताच.

येथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो. अनेकांचा समज असा की कॉमर्सवाल्याला आर्ट्सचे एम. ए. करता येत नाही. इग्नूमध्ये कोणत्याही शाखेच्या पदवीधराला राज्यशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश मिळतो. मी ज्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात नाव घातले, तेथेही बी. कॉम. चालले आणि पेपर मराठीत लिहिता आले. दोन वर्षे, चार सत्रे. नोकरी न सोडता होते. घरी फीचा विषय काढला तेव्हा पत्नी पोळ्या लाटत होती. ती सकाळी बारा डबे करून देते. लाटणे न थांबवता म्हणाली, "तुम्ही शिकणार म्हणजे मी नाही म्हणणार नाही. पण पोरीच्या क्लासचे पैसे आधी, मग तुमचे." तसेच झाले. मुलीचा क्लास आधी भरला आणि माझी फी दोन महिन्यांनी विलंब शुल्कासह गेली.

अभ्यास पहाटे साडेचार ते साडेसहा आणि गाडीत. गोवंडी ते सँडहर्स्ट रोड हार्बरच्या गाडीत उभ्याने वाचायची सवय लागते. एका हाताने कडी, दुसऱ्या हातात झेरॉक्सची घडी. फक्त पेन्सिलने खुणा करता येत नाहीत. पुढे पुढे तर शेजारचा प्रवासीही पान वाचून होईपर्यंत थांबायचा आणि मग म्हणायचा, "उलटा."

पहिल्या सत्रात इंग्रजीपेक्षा मराठीनेच घाम काढला. अधिमान्यता, धुरीणत्व, सार्वभौमत्व, नागरी समाज. पण शब्दाच्या आत शिरले की आपलीच गोष्ट निघते. अधिमान्यता म्हणजे सत्ता चालवणाऱ्याचा तो हक्क लोकांनी मनातून मान्य करणे. काठीच्या जोरावर सत्ता मिळते, पण रोज काठी उगारावी लागली तर ती टिकत नाही. ग्रामशी नावाच्या इटालियन विचारवंताने मुसोलिनीच्या तुरुंगात वह्या लिहिल्या. धुरीणत्वाचा विचार त्या वह्यांतला. वरच्यांचे विचार खालच्यांना स्वतःचेच वाटू लागतात, हे त्याने दाखवले. हे वाचताना मला आमच्या आजीचे बोलणे आठवे, 'आपल्या नशिबातच ते लिहिलंय'.

ॲरिस्टॉटल काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे लिहून गेला. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले. हे वाचून प्रथम वाटले की याला मनू म्हणायचे राहिले एवढेच. मग 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा काढले. १९३६ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्याबरोबर प्लेटोचाही समाचार घेतला आहे. प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याला ठरावीक तीन-चार कप्प्यांत कोंबता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. प्लेटो मी आधी वाचला असता तर हे पान इतक्या वर्षांपूर्वीच उलगडले असते. बाबासाहेब समजायला बाबासाहेबांनी वाचलेले थोडे तरी वाचावे लागते. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम. ए. केले. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. आपल्याकडे मात्र 'आमची लाइन कॉमर्सची' एवढ्यावर माणूस गप्प बसतो.

सगळ्यांत सोपा गेला रॉल्स. अमेरिकेतल्या या प्राध्यापकाचे न्यायावरचे मोठे पुस्तक १९७१ साली आले. त्याचे म्हणणे असे की समाजाचे नियम करताना प्रत्येकाने कल्पना करावी की आपण कोणत्या घरात, कोणत्या जातीत जन्मणार आहोत हे आपल्याला ठाऊकच नाही. विहारात मी हे एसआरएच्या लॉटरीवरून सांगितले. कोणती खोली कुणाला लागणार हे माहीत नसताना नकाशा करायला बसवा, म्हणजे प्रत्येक जण म्हणेल, प्रत्येक खोलीला खिडकी पाहिजे. लॉटरी आधी फोडा आणि मग नकाशा करा, म्हणजे खिडक्या कुणाच्या बाजूला जातील ते सांगायला नको. बायका खदखदून हसल्या. आमच्या शेजारच्या इमारतीत काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे.

संविधानाच्या पेपरात एक गैरसमज कायमचा गेला, तो सांगून ठेवतो, कारण ऑफिसात रोज कुणीतरी तो तोंडावर फेकतो. 'आरक्षण दहा वर्षांसाठी होते.' दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभेतल्या आणि विधानसभांतल्या राखीव जागांना, अनुच्छेद ३३४ प्रमाणे. ती वेळोवेळी वाढवली गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली आहे. शिक्षण आणि नोकरीतले आरक्षण अनुच्छेद १५(४) आणि १६(४) वर उभे आहे. त्यांना संविधानात मुदत कधी घातलेलीच नव्हती. हे मी एका सहकाऱ्याला पुस्तक उघडून दाखवले. त्याने पान पाहिले आणि 'असेल' म्हणाला. तेवढेही पुष्कळ झाले.

संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण आपण बहुतेकांनी ऐकलेले असते ते विषमतेच्या विसंगतीसाठी. त्यातच त्यांनी बुद्धाच्या भिक्खू संघाचा दाखला दिला आहे. बैठकीची रचना, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव, हे सगळे संघात होते आणि लोकशाही या देशाला परकी नाही, असे त्यांनी सभेला सांगितले. विनयात प्रस्तावाला ज्ञप्ती म्हणतात आणि मत शलाकेने, म्हणजे काडीने घेतात. आमच्या विहार कमिटीत गेली कित्येक वर्षे अध्यक्ष 'सर्वानुमते' निवडला जातो आणि सर्वानुमत म्हणजे काय ते आपण जाणतोच. यंदा मी चिठ्ठीने मतदान सुचवले. दोन जुने कार्यकर्ते रागावून उठून गेले, पुढच्या वंदनेला परत आले. मतदान अजून व्हायचे आहे.

जुलै १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली होती, हे मला या अभ्यासातच कळले. 'ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स' असे तिचे नाव. प्रकृती ढासळलेली, धम्मदीक्षेची तयारी चाललेली, आणि अशा वेळी त्यांना वाटत होते की कायदेमंडळात जाणाऱ्या माणसाला शिकवून पाठवले पाहिजे. महापरिनिर्वाणानंतर ती शाळा थोड्याच महिन्यांत बंद पडली. ती चालू राहिली असती तर आपल्या पक्षांची पुढची गोष्ट वेगळी झाली असती की नाही, हा वादाचा मुद्दा. मला मात्र उगीचच वाटत राहते की तेथे बी. कॉम. चालले असते का!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. चौथ्या सत्रात प्रकल्प असतो. मार्गदर्शक बाईंनी सांगितले, "पुस्तकातून पुस्तक लिहू नका. जिथली कागदपत्रं तुम्हाला वाचता येतात असा विषय घ्या." मला कोणती कागदपत्रे वाचता येतात? रोकडवही, खतावणी, प्रमाणके. म्हणून मी आमच्या गावची ग्रामपंचायत घेतली. गाव सातारा जिल्ह्यातले. नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. हे पैसे कुठे गेले आणि राखीव जागेवरच्या सदस्याचा त्यात काय वाटा होता, हा माझा विषय.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला. ग्रामसेवकाने, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांनी, एकदा फोन केला, "साहेब, मुंबईत राहून गावात कशाला लक्ष घालताय?" पण मुदत संपायच्या आत कागद आले. मी तीन वर्षांची रोकडवही घेऊन रविवारी बसलो. ताळा जुळवणे हे माझे रोजचे काम. बेरजा चोख होत्या. १५ टक्के पूर्ण खर्च झालेले होते, कागदावर. 'मागासवर्गीय वस्ती पथदिवे' या नोंदीखालचे दिवे एसटी स्टँडपासून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागलेले आहेत, हे गावाला गेलेल्या कुणालाही दिसते. 'मागासवर्गीय वस्ती गटार' वाड्याच्या अलीकडे संपते. आणि बुद्धवाड्यात पाण्याची पाइपलाइन कोपऱ्यावरच्या नळाशी थांबली आहे. तेथून वर बायका अजून हंडे वाहतात. त्या तीनही वर्षांच्या सभांच्या इतिवृत्तावर राखीव जागेवरच्या सदस्याची सही आहे. तो सदस्य म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, आमचा अण्णा.

अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील गोदीत कामाला होते. आई आजारी पडली तेव्हा मी दोन वर्षे गावी होतो. शाळेत ओढा ओलांडून जावे लागे. पावसाळ्यात अण्णा मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा आणि मग मजुरीला जायचा. त्याचे शिक्षण सातवी. हे सगळे प्रकल्पात लिहायचे नसते.

आपल्याकडे अशा माणसासाठी एक शब्द तयार असतो. कांशीराम साहेबांनी पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, २४ सप्टेंबर १९८२ ला, 'चमचा युग' या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तकच काढले. व्यासपीठावरून तो शब्द टाळ्या घेतो. पण ज्याच्या खांद्यावर बसून ओढा ओलांडला, त्याच्यासमोर तो तोंडातून कसा काढायचा? मी गावी गेलो. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा लावला, नोंदी बोटाने वाचल्या आणि कागद परत केले.

"तुला काय वाटतं, मला दिसत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "आपल्या वाड्यात मतं किती? एकशेचाळीस. वॉर्डात किती? नऊशे. मला निवडून कुनी दिलं? आपल्या वाड्यानं? आपल्यातली निम्मी तर दुसऱ्याला पडली."

"पण अण्णा, सही करताना एकदा तरी विचारायचं."

"इचारलं. पैल्या साली इचारलं. तवा उपसरपंच म्हनले, पुढच्या बारीला दुसरा बघू. आनि दुसरा बी आपल्यातलाच आसनार, शिरपाचं पोरगं तयारच हाय. माझा थोरला त्यांच्याच ट्रॅक्टरवर हाय उसाच्या हंगामाला. आता तू सांग, तू शिकलायस."

मी काही सांगू शकलो नाही. वहिनी आत भांडी आवरत होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

मुंबईला परत येताना एसटीत पुणे कराराच्या टिपणांची घडी उघडली. त्या मुलाने विचारलेला प्रश्न आता माझ्याच घरचा झाला होता. वाचकहो, करारात ठरले होते ते असे. ऑगस्ट १९३२ च्या ब्रिटिश निवाड्याने अस्पृश्यांना काही मतदारसंघांत आपला प्रतिनिधी फक्त आपल्या मतांनी निवडण्याचा हक्क दिला होता. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते. म्हणजे माणसाला दोन मते. गांधीजींनी येरवड्याला २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि २४ ला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा निवाड्यापेक्षा जवळपास दुप्पट, १४८ झाल्या. त्यांपैकी मुंबई प्रांताला १५. पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि दुसरे मतही गेले. त्याऐवजी दोन फेऱ्या आल्या. पहिल्या फेरीत फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे. दुसऱ्या फेरीत त्या चौघांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. आपल्या लोकांनी ज्याला सर्वांत वर ठेवले तोच निवडून येईल याची हमी कुठेच नव्हती. १९४६ च्या निवडणुकीत तेच घडले. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अनेक ठिकाणी पहिल्या फेरीत पुढे होते आणि दुसऱ्या फेरीत पडले. बाबासाहेबांनी तो हिशेब पुढे मांडला आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा केली. ती मान्य झाली नाही. संविधानात राखीव जागा आल्या त्या संयुक्त मतदारसंघांच्या, आणि पहिली फेरीही राहिली नाही. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने तर कायदेमंडळांतल्या राखीव जागाच बंद करा, असा ठराव केला होता. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने गावोगावच्या पंचायतीतल्या राखीव जागा संविधानानेच बंधनकारक केल्या. अण्णा सदस्य झाला तो या दुरुस्तीमुळे. नाहीतर आमच्या वाड्यातला माणूस त्या खुर्चीवर कधी बसता? हेही विसरून चालणार नाही. पण वॉर्ड सगळ्यांचा, मते नऊशे, आपली एकशेचाळीस. पिट्किन नावाच्या बाईंचे प्रतिनिधित्वावरचे १९६७ चे पुस्तक आम्हाला अभ्यासाला होते. आपल्यासारखा दिसणारा माणूस सभागृहात असणे एक, आणि त्याने आपल्या हितासाठी काम करणे दुसरे, असे त्या म्हणतात. पहिले झाले म्हणजे दुसरे होतेच असे नाही. मी त्यापुढे समासात पेन्सिलने लिहिले, 'दुसरे करायला अण्णाकडे काय आहे?' सात सदस्यांत एक मत, मुलाची नोकरी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, आणि पाठीशी वाडा अर्धाच.

प्रकल्प मुलीने कॉम्प्युटरवर टाइप करून दिला. ती बारावीला आहे. टाइप करता करता थांबून म्हणाली, "पप्पा, मग अण्णाकाका चुकले की नाही? तुम्ही दोन्ही लिहिलंय." मी म्हटले, सही चुकीचीच आहे. "मग?" मग काय, ते पुढच्या प्रकरणात आहे, असे सांगून मी वेळ मारून नेली. ती अजून अधूनमधून विचारते.

प्रकल्पात गावाचे नाव नाही, अण्णाचे नाव नाही. नोंदी आहेत, तारखा आहेत, दिव्यांचे आणि गटाराचे फोटो आहेत, वॉर्डातली मते आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर फार हुशार होते. चार पाने उलटून म्हणाले, "हा सदस्य तुमच्या नात्यातला दिसतो. मग तुम्ही तटस्थ कसे?" मी म्हणालो, "सर, माणूस नात्यातला असेल. रोकडवही नात्यातली नाही." ते हसले. पण लगेच म्हणाले, "आणि हे त्या लोकांना कोण वाचून दाखवणार?"

याचे उत्तर परीक्षेपुरते दिले, पण प्रश्न घरी बरोबर आला. १५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली होती. अण्णाचाच फोन आला. "ते पंधरा टक्क्याचं पान झेरॉक्स काढून पाठव. माझं नाव कुटं न्हाई ना?" नाही म्हणालो. "मी वाचनार न्हाई. तू येऊन वाच." आणि येथे माझे राज्यशास्त्र अडले. ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या गावचा मतदार. माझे नाव गोवंडीच्या यादीत. माझ्या गावच्या सभेत मी मागे उभा राहून ऐकू शकलो असतो, एवढेच.

पाने अण्णाच्या धाकट्या सुनेकडे गेली. पोरगी बारावी झालेली, बचत गटाचे हिशेब लिहिते. मी फोनवर तिला तीन संध्याकाळी नोंदी समजावल्या. जमा कोठे लिहितात, खर्चाचे प्रमाणक म्हणजे काय, ठरावाला सूचक आणि अनुमोदक का लागतो. तिला फार सांगावे लागले नाही. उलट तिनेच विचारले, "तात्या, महिलांची सभा आदी आसती ना? तिथं बी वाचू का?" मी म्हटले, तिथे आधी वाच.

सभेच्या रात्री तिचा फोन आला. मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होते.

"तात्या, वाचलं. समदं वाचलं. पैल्यांदा ते नुसतं 'चर्चा झाली' आसं लिवत हुते. मी म्हनलं, चर्चा न्हाई, ठराव. पाइपलाइन वाड्यात वरपतूर. सूचक म्हनून माझं नाव लिवा."

"आणि अनुमोदक?"

"कुनी हातच वर करंना. बाया बी खाली बघाया लागल्या. लई येळ गेला." ती थोडे थांबली. "मग मामांनी केला."

ठरावाची नक्कल मी अर्ज करून मागवली आहे. पाइप अजून पडलेला नाही. दिवाळीला ऊसतोड सुरू होते. अण्णाच्या थोरल्याला यंदा ट्रॅक्टरवर बोलावतात की नाही, ते तेव्हा कळेल.